दोन किलोची कोंबडी, तेराशे ग्रॅम चिकन

आखाडातला रविवार. बीडमधल्या चिकनच्या दुकानापुढं रांग. काट्यावर कोंबडी दोन किलो भरते आणि दहा मिनिटांनी हातात येणारी पिशवी जेमतेम तेराशे ग्रॅमची. गिऱ्हाईक हटकतं, "भाऊ, सातशे ग्रॅम गेलं कुठं?" दुकानदार सुऱ्याच्या टोकानं ड्रम दाखवतो.

बहुतेक वेळा तो खरंच बोलत असतो. रक्त, पिसं, डोकं, पाय आणि आतडी मिळून जिवंत वजनाचा जवळपास पाव हिस्सा जातो. कातडी ठेवून साफ केलेला ब्रॉयलर ७० ते ७५ टक्के भरतो. पण आपल्याकडं पिसं उपटत कोण बसतो? कातडीसकट सोलून मोकळं होतात, त्यात आणखी आठ-दहा टक्के गेले. उरलं ६५ टक्क्यांच्या आसपास, तेही कलेजी-पेटा धरून. म्हणून सोपा हिशेब असा: दीड किलो जिवंत, एक किलो चिकन. हाडं त्यातच आली.

जिवंत घेतली की स्वस्त पडते, हा दुसरा समज. समजा जिवंतचा भाव १४० रुपये आहे आणि सोललेल्या चिकनचा २२०. वरवर ८० रुपयांचा फरक दिसतो. १४० ला ०.६५ नं भागा, २१५ येतात. म्हणजे किलोमागं उरले पाच रुपये, त्यातच सोलणं, तुकडे करणं आणि पिशवी.

पोट टच्च भरलेली कोंबडी 'भरीव' म्हणून निवडणारे तर स्वतःच्याच खिशाला कात्री लावतात. गळ्याखालच्या पिशवीतला मका-सोयाबीनचा भरडा चिकनच्या भावानं तोलला जातो आणि ड्रममध्ये पडतो. म्हणून कापण्याआधी आठ ते बारा तास खाद्य बंद ठेवायचं असतं; पाणी मात्र चालू. शेडवाल्याला अर्थातच उलटं वाटतं, कारण त्याचा माल गाडी भरताना जिवंत तोलला जातो. मे महिन्यात तर धापा टाकून पक्ष्यांच्या अंगातलं पाणी वाटेतच कमी होतं. शेडवरचं वजन आणि दुकानावरचं वजन जुळत नाही, त्यात लबाडी असेलच असं नाही.

मोठ्या पक्ष्यात वाया जास्त जातं म्हणतात. उलट, टक्का किंचित वाढतो, चरबीही वाढते. गावरान कोंबडीत मात्र मांस ब्रॉयलरपेक्षा कमीच निघतं, कारण ब्रॉयलरची निवडच पिढ्यानपिढ्या भरलेल्या छातीसाठी झाली आहे. गावरानचे पैसे आपण चवीचे मोजतो.

खरी फसवणूक होते ती काट्यावर. कोंबडी ठेवण्याआधी आकडा शून्य आहे का, टोपलीचं वजन वजा केलंय का, वैधमापनची यंदाची मोहर आहे का, एवढं बघा. आणि पिशवी पुन्हा काट्यावर ठेवायला सांगा. दोन किलोच्या पक्ष्यात अकराशेच भरलं, तर मग ड्रमकडं बोट दाखवून भागणार नाही.