चाकाचा गज

कापडवाल्याचा गज चार बोटे आखूड असला, तर मोजणीत दहा गज पुरे भरतात. गिऱ्हाइकाच्या पदरात मात्र कापड कमीच पडते. मोजणारा हात खोटे बोलत नाही, खोटे असते ते माप. विजेच्या मदतीने चालणाऱ्या सायकलीच्या बाबतीत हुबेहूब हाच प्रकार घडू शकतो. तिचा गज म्हणजे तिचे चाक.

पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी आणि तुमकुरु मागे टाकीत येणारा महामार्ग बंगळूर शहरात शिरताना पीण्या औद्योगिक क्षेत्राजवळून जातो. १९७० नंतरच्या दशकात वसलेल्या या क्षेत्रात लहानमोठ्या कारखान्यांची दाटी आहे. १९५३ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्सची जलहळ्ळी येथून शेजारीच. लेथवर काम करणाऱ्या येथील कामगाराला मिलिमीटरच्या शतांशाचे मोल कोणी शिकवावे लागत नाही. परंतु पाळी संपवून तो ज्या रस्त्यावर येतो, तेथे मालमोटारींची रीघ असते. अशा रस्त्यावर जाड टायरची, डोंगरवाटांसाठी घडवलेली विजेची सायकल चालवणाऱ्याने तिच्या वेगाचे गणित समजून घेणे अगत्याचे आहे.

सायकलीला वेग थेट कळत नाही. तिला कळतात ते केवळ चाकाचे फेरे. अनेक सायकलींत चाकाच्या स्पोकला एक लहानसा चुंबक बसवलेला असतो. प्रत्येक फेऱ्यात तो संवेदकासमोरून जातो आणि यंत्रणेला एक खूण मिळते. एका फेऱ्यात सायकल किती पुढे सरकते, म्हणजेच चाकाचा परिघ किती, हा आकडा यंत्रणेत आधी भरून ठेवावा लागतो. ठरावीक वेळेतील फेऱ्यांची संख्या आणि परिघ यांच्या गुणाकारावरून वेग कळतो.

आता गोम अशी की, चाकाचे इंचांतले नाव हे खरे माप नव्हे. ज्याला २९ इंची म्हणतात त्या चाकाच्या धावेवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६२२ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेचोवीस इंच असतो. शर्यतीच्या सडक-सायकलीची धावही त्याच मापाची असते. परंतु तिच्यावर अरुंद टायर चढवला की परिघ सुमारे २.१ मीटर भरतो. जाड डोंगरी टायर चढवला की तो २.३ मीटरच्या घरात जातो. २७.५ इंची चाकाची धाव ५८४ मिलिमीटरची असते. तेव्हा परिघ टायरवरही अवलंबून असतो, हवेच्या दाबावरही आणि टायरच्या झिजेवरही.

समजा, खरा परिघ २.३ मीटर आहे आणि यंत्रणेत आकडा भरला २ मीटरचा. पडद्यावर २५ किलोमीटरचा वेग दिसेल तेव्हा सायकल प्रत्यक्षात ताशी पावणेएकोणतीस किलोमीटर वेगाने धावत असेल. उलट, २ मीटरच्या चाकाला २.३ मीटरचा आकडा दिला, तर मोटारीची मदत ताशी बावीस किलोमीटरच्या आतच थांबेल आणि चालवणारा बिचारा बॅटरीला दोष देत बसेल.

हा २५ चा आकडा आला कोठून? केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, पायडलला साह्य करणाऱ्या मोटारीची तीस मिनिटांची शक्ती २५० वॉटपेक्षा कमी असावी. वेग वाढेल तसे तिचे साह्य घटत जाऊन ताशी २५ किलोमीटरला, किंवा पाय थांबताच, बंद व्हावे. अशा अटी पाळणारी सायकल मोटार वाहन गणली जात नाही. युरोपातही मर्यादा २५ चीच आहे; अमेरिकेत अनेक राज्यांत ती ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटर आहे. ही मर्यादा मोटारीच्या मदतीवर आहे, माणसाच्या पायांवर नव्हे. उतारावर किंवा स्वतःच्या बळावर याहून वेगाने जाण्यास यंत्र अडवीत नाही. नंदी टेकडीसारख्या चढावर तर मुळात हा वेगच गाठला जात नाही. तेथे मोटारीचा जोर कामी येतो.

तरीही वेगाच्या हव्यासापायी काही जण जाणूनबुजून चाकाचा आकडा लहान भरतात. २५ वरून पावणेएकोणतीसवर जाणे ही किरकोळ वाढ भासते. परंतु गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. या वाढीत ती जवळजवळ एक तृतीयांशाने वाढते, आणि ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतरही त्याच प्रमाणात. समोर मालमोटार थबकली असता हेच अंतर जीवनमरणाचे ठरते. शिवाय, नियमाची चौकट ओलांडलेली सायकल मोटार वाहनांत मोडू शकते. मग नोंदणी, परवाना आणि विमा यांचा प्रश्न उभा राहतो, आणि तोही बहुधा अपघात घडल्यानंतर. २०२२ साली महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने बेकायदा फेरफार केलेल्या विजेच्या दुचाकींविरुद्ध तपासणीची मोहीम हाती घेतली होती, ती उगीच नव्हे.

खरे माप घेण्यास खडूचा तुकडा पुरतो. टायरमध्ये नेहमीची हवा भरावी, टायर जमिनीला टेकतो तेथे टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करावी, सायकलीवर माणूस बसवून ती सरळ रेषेत नेमका एक फेरा पुढे न्यावी आणि दोन खुणांमधले अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे. तोच आकडा यंत्रणेत भरावा. टायर बदलला की पुन्हा मोजावे. दिवसभर दुसऱ्याच्या यंत्राचे सुटे भाग काटेकोर मापात घडवणाऱ्या कामगाराने घरी परतताना आपल्या चाकाचे मापही तितकेच खरे ठेवले, तर त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांचा जीव टांगणीला लागणार नाही.