डोळ्याचं ऑपरेशन आणि रात्रीची गोळी

ह्यांच्या मोतीबिंदूची तारीख ठरली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, चालू असलेली सगळी औषधं घेऊन या. मी बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या पिशवीत टाकल्या. प्रोस्टेटची गोळी घरीच राहिली. तिचा डोळ्याशी काय संबंध? डॉक्टरांनीच विचारलं, "काका, लघवीसाठी रात्री काही घेता का?"

ती टॅमसुलोसिन. लघवीच्या वाटेवरचे स्नायू ती सैल करते, आणि बाहुलीभोवतीच्या पडद्याचा स्नायूही. ऑपरेशनभर बाहुली मोठी राहायला हवी. ही गोळी घेणाऱ्यांची मध्येच आकसू शकते, पडदा लुळा पडतो. 2005 साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी हे प्रथम मांडलं. आयत्या वेळी गोळी थांबवून धोका टळतोच असं नाही. पूर्वी कधी घेतली असेल, तरी सांगायचं. मग डॉक्टर तयारीत राहतात. रक्त पातळ करणारी गोळीही आपल्या मनाने बंद करायची नाही.

ऑपरेशन अर्ध्या तासात आटोपलं. थेंब सहा आठवडे चालले. जंतूंसाठी मॉक्सिफ्लॉक्सॅसिन, सुजेसाठी प्रेडनिसोलोन. प्रेडनिसोलोन दुधासारखं असतं आणि औषध तळाशी बसतं. मी तीन दिवस बाटली न हलवताच थेंब घालत होते! चौथ्या दिवशी सिस्टरांनी ती माझ्यासमोर खळखळून हलवली, तेव्हा जीव चरकला. त्या दिवसापासून त्या बाटलीला मी रबर लावून ठेवलं.

हात धुवायचे, खालची पापणी ओढून एकच थेंब. जास्तीचा गालावर ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोनेक मिनिटं दाबायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसऱ्या बाटलीचा थेंब पाच-दहा मिनिटांनी, नाहीतर पहिला धुऊन जातो. प्रेडनिसोलोन आधी दिवसातून सहा वेळा, मग दर आठवड्याला एक वेळ कमी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर मी रेघा मारत गेले.

तिसऱ्या आठवड्यात हे म्हणाले, "स्वच्छ दिसतंय, आता पुरे." मी ऐकलं नाही. मध्येच सोडलं तर सूज उलटते. आणि उरलेली बाटली पुढे कधी डोळा लाल झाला म्हणून घालणं त्याहून वाईट. स्टेरॉइडने काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, त्यातून काचबिंदू होऊ शकतो. कोर्स संपताच मी ती फेकून दिली.

ऑपरेशननंतर दुखणं वाढलं, डोळा जास्त लाल झाला किंवा आलेली नजर पुन्हा धूसर झाली, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.