सात मिलिमीटरांचा माहुलीगड

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व कडेला शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके जिथे सह्याद्रीच्या मुख्य रांगेला भिडतात, तिथे भाताच्या खाचरांपासून घाटमाथ्यापर्यंतचा चढ काही ठिकाणी हजार मीटरांहून अधिक आहे आणि तो अवघ्या तीन-चार किलोमीटरांच्या आडव्या अंतरात उरकतो. आजोबाचा डोंगर, हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा, मोरोशीचा भैरवगड, नाणेघाट आणि सिद्धगड ही उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना या भिंतीवर भेटणारी नावे. गोरखगड आणि मच्छिंद्र हे सुळके भिंतीपासून किंचित सुटून पुढे आलेले, तर माहुलीगड थेट सपाटीत एकटा उभा आहे. एवढे सगळे एका चौकटीत मावावे म्हणून जितके रुंद भिंग तितके बरे, असा समज सर्वत्र आढळतो आणि जुन्या मीडियम फॉरमॅट कॅमेऱ्यांकडे अलीकडे नव्याने वळलेली मंडळीही तोच समज खांद्यावर घेऊन डोंगराखाली येतात. प्रत्यक्षात रुंद भिंगाने डोंगर मोठा होत नाही, चांगलाच लहान होतो. त्या भिंगाचा खरा विषय डोंगर नसून छायाचित्रकाराच्या पायाखालची जमीन हा आहे.

मीडियम फॉरमॅट म्हणजे १२० क्रमांकाच्या रोलवर काम करणारे कॅमेरे. कोडॅक कंपनीने हा रोल १९०१ मध्ये आपल्या ब्राउनी क्रमांक २ या पेटी कॅमेऱ्यासाठी आणला आणि तो आजही तयार होतो. सुमारे ६ सेंटिमीटर रुंदीच्या या फिल्मला पाठीमागे कागदाचे अस्तर असते, त्यावर क्रमांक छापलेले असतात, आणि जुन्या साध्या कॅमेऱ्यांत मागच्या तांबड्या काचेतून ते क्रमांक पाहतच रोल पुढे सरकवावा लागतो. चौकट चौरस, म्हणजे ६ बाय ६ ची असेल तर एका रोलवर बारा चित्रे बसतात, ६ बाय ७ ची असेल तर दहा, ६ बाय ९ ची असेल तर आठ. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतल्या अल्बमात जी लहान चौरस कृष्णधवल छायाचित्रे सापडतात, त्यांतली बरीचशी याच रोलवरची आहेत, कारण भारतात तयार होणारा आणि साध्या भिंगाचा आग्फा क्लिक-३ हा कॅमेरा १२० चाच रोल वापरत असे. लग्नाचे फोटो काढणाऱ्या स्टुडिओंकडे याच रोलवरचे याशिका मॅट किंवा मामिया सी-३३० यांसारखे दुभिंगी कॅमेरे असत. स्टुडिओंनी ते मोडीत काढल्यावर मुंबईत फोर्टातल्या बोराबझारासारख्या ठिकाणी ते पुन्हा विक्रीला आले.

या रोलचा फायदा शुद्ध क्षेत्रफळाचा आहे. चौरस चौकट प्रत्यक्षात ५६ बाय ५६ मिलिमीटरांची भरते, तर नेहमीच्या ३५ मिलिमीटर फिल्मवरची चौकट २४ बाय ३६ ची. म्हणजे निगेटिव्हचे क्षेत्र साडेतीन पटींहून अधिक. भिंगाची रुंदी त्याच्या नाभीय अंतरावर ठरते, आणि एखादे नाभीय अंतर रुंद की साधे हे चौकटीच्या मापावर अवलंबून असते. चौरस चौकटीचा कर्ण सुमारे ७९ मिलिमीटर असल्याने तिथे ८० मिलिमीटरचे भिंग साधे, म्हणजे डोळ्याला नैसर्गिक वाटेल असे दृश्य देणारे मानले जाते. ५० मिलिमीटरचे भिंग तिथे रुंद ठरते आणि कर्णाच्या दिशेने सुमारे ७५ अंशांचे दृश्य टिपते, जे काम ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यात २८ चे भिंग करते.

आता माहुलीचे गणित मांडता येते. आसनगाव स्थानकाच्या परिसरातून पाहिले तर गडाचा माथा सपाटीपासून सुमारे ७०० मीटर वर आणि ५ किलोमीटर दूर आहे असे धरू. दूरच्या वस्तूची फिल्मवरची उंची काढायची तर वस्तूच्या उंचीला अंतराने भागून नाभीय अंतराने गुणावे लागते. ५० मिलिमीटरच्या भिंगातून त्यामुळे माहुलीगड बरोबर ७ मिलिमीटरांचा होतो, म्हणजे ५६ मिलिमीटरांच्या चौकटीचा आठवा हिस्सा. आसनगावात गाडीतून उतरणाऱ्याला जो गड क्षितिज अडवून उभा असल्यासारखा वाटतो, तो छापील चित्रात लांबवरची एक टेकडी होऊन बसतो आणि वजीर, नवरा-नवरी हे प्रसिद्ध सुळके शोधावे लागतात. डोळा डोंगरावर खिळला की बाकीचे सारे विसरतो, भिंगाला तो पक्षपात जमत नाही. तरीही मोठ्या रोलची कमाई इथेच दिसते: तेवढेच रुंद दृश्य २८ मिलिमीटरच्या भिंगाने लहान फिल्मवर घेतले, तर गड ४ मिलिमीटरांहूनही किंचित कमी भरेल आणि चित्र मोठे करताना कातळातले थर फिल्मच्या कणांत विरघळतील. ७ मिलिमीटरांत ते थर टिकतात, आणि बेसाल्टच्या त्या आडव्या थरांशिवाय सह्याद्रीचा डोंगर हा कुठलाही डोंगर होऊन जातो.

डोंगराच्या थेट पायथ्याशी गेल्यावर प्रश्न उलटा होतो. कोकणकड्याखालचे बेलपाडा हे गाव मुरबाड तालुक्यात आहे, तर कड्याची वरची धार अकोले तालुक्यात. आडवे अंतर ३ किलोमीटर आणि उंचीतला फरक १,१०० मीटर धरला, तर कड्याची धार क्षितिजापासून सुमारे २० अंश वर दिसते, आणि पाहणाऱ्याचा हात आपोआप कॅमेरा वर कलवतो. कॅमेरा कलला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. भिंग जितके रुंद तितका हा झुकाव अधिक उघड, आणि मग बाहेर झेपावणारा कोकणकडा चित्रात मागे रेललेला दिसतो. त्या कड्यावर याहून मोठा अन्याय नाही. मात्र ५० मिलिमीटरचे भिंग चौरस चौकटीत क्षितिजाच्या वर २९ अंशांपर्यंत पाहते, त्यामुळे कॅमेरा पाणसळीने अगदी सपाट ठेवला तरी २० अंशांवरची धार चौकटीत आरामात बसते. एवढेच की क्षितिज बरोबर मधोमध येते आणि चौकटीचा खालचा अर्धा भाग जमिनीच्या वाट्याला जातो. म्हणून छायाचित्रकारापुढे दोनच मार्ग उरतात: खालचा भाग छापताना कापून टाकायचा, किंवा त्या भागात पाहण्याजोगे काहीतरी येईल अशी उभे राहण्याची जागा शोधायची. चौरस निगेटिव्ह मोठी असल्याने पहिला मार्ग परवडतो, पण या मुलखात दुसऱ्या मार्गाला जेवढा वाव आहे तेवढा क्वचितच कुठे असेल.

खाचरांचे बांध, आवणाचे हिरवे चौकोन, नाळेतून वाहून आलेले गोल धोंडे, काळू नदीच्या पात्रातले कातळ, उन्हाळ्यात भेगाळलेली जमीन ही सगळी पायाशी असलेली सामग्री रुंद भिंगासमोर मोठी होते, कारण जवळच्या वस्तूच्या बाबतीत अंतरातला एका पावलाचा फरकही निर्णायक असतो. पाच किलोमीटर दूरचा गड छायाचित्रकार पन्नास पावले मागे सरकला तरी ७ मिलिमीटरांचाच राहतो. दीड मीटरवरचा बांध मात्र एक पाऊल मागे जाताच जवळजवळ दोन तृतीयांश होतो. जवळचे आणि दूरचे यांचे नाते भिंग ठरवत नाही, उभे राहण्याची जागा ठरवते, आणि कंबरेच्या उंचीवर धरून वरून डोकावण्याचे जुने कॅमेरे ती जागा शोधायला फार सोयीचे आहेत. घासलेल्या काचेच्या पडद्यावर चित्र उजवे-डावे उलटे दिसते, त्यामुळे बांध डावीकडे न्यायचा तर कॅमेरा कुठे वळवायचा याचा सुरुवातीला हमखास घोळ होतो. पण दोन्ही डोळ्यांनी सपाट काचेवर पाहत असल्याने समोरचा देखावा तयार चित्र म्हणून तपासता येतो, आणि चौकटीच्या कोपऱ्यात शिरलेली विजेची तार किंवा प्लॅस्टिकची पिशवी वेळीच नजरेत भरते.

जवळचा बांध आणि दूरचा गड दोन्ही स्पष्ट यायचे तर भिंगाचे छिद्र लहान ठेवावे लागते. छिद्राच्या प्रत्येक मापाला एक असे अंतर असते की तिथे भिंग जुळवले असता त्या अंतराच्या निम्म्यापासून अनंतापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. ५० मिलिमीटरच्या भिंगासाठी एफ १६ ला हे अंतर सुमारे ३ मीटर येते, म्हणजे दीड मीटरपासून पुढचे सारे हाती लागते. जुन्या भिंगांच्या कड्यांवर यासाठीच्या खुणा कोरलेल्या असतात आणि त्या वाचता येणे महागड्या प्रकाशमापकाहून अधिक उपयोगी. दुभिंगी कॅमेऱ्यात आणखी एक गोम आहे: पाहण्याचे भिंग वर आणि फिल्मसाठीचे भिंग खाली असते, मामियात दोहोंमध्ये ५० मिलिमीटरांचे अंतर आहे. डोंगराला त्याने काही फरक पडत नाही, पण मीटरभरावरचा धोंडा पडद्यावर दिसला त्याहून वेगळ्या जागी उतरतो, म्हणून चौकट ठरल्यावर ट्रायपॉडवरचा कॅमेरा तेवढाच वर उचलून मगच कळ दाबायची असते.

रुंद भिंगांच्या घडणीविषयीही थोडे सांगायला हवे. आरशाच्या कॅमेऱ्यांत भिंग आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा लागते, त्यामुळे त्यांची रुंद भिंगे नाभीय अंतरापेक्षा पुढे बसवण्यासाठी गुंतागुंतीची करावी लागतात. लुडविग बेर्टेले यांनी झाइस कंपनीसाठी आखलेल्या बायोगॉन या भिंगाने ती अडचण आरसाच वगळून सोडवली. १९५४ मध्ये हासलब्लाडने ३८ मिलिमीटरच्या बायोगॉनभोवती एक स्वतंत्र कॅमेरा काढला, ज्यात भिंगाची मागची काच फिल्मच्या अगदी निकट येते, सरळ रेषा कडेलाही सरळ राहतात, आणि पाहण्यासाठी वेगळी खिडकी व पाणसळ दिलेली असते. तो आजही महाग आहे. मामिया आरबी-६७ सारखा कॅमेरा त्या मानाने आवाक्यातला, पण भिंगासकट अडीच किलोंच्या आसपास भरतो, आणि गोरखगडाच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या चढताना हे वजन फार जाणवते. अर्थात १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे सुरू झाली त्या काळातल्या छायाचित्रकारांना ओल्या काचा जागच्या जागी तयार करण्यासाठी अंधारखोलीच बरोबर न्यावी लागे, त्यांच्यापुढे ही तक्रार टिकत नाही.

सृष्टिचित्रणावरच्या पुस्तकांत पहाटेच्या प्रकाशाची महती असते. ती इथे जपून घ्यावी. मुरबाडची भिंत पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य उगवतो तो भिंतीच्या मागून, आणि सकाळी बराच वेळ कडे स्वतःच्याच सावलीत काळे राहून वरचे आकाश मात्र पांढरे होते. कातळावर थेट ऊन येते ते दुपारनंतर, आणि कोकणकड्याच्या अर्धगोलात उतरत्या उन्हाच्या सावल्या पडू लागतात ती वेळ सायंकाळची. सपाटीत सुटा उभा असलेला माहुलीगड तेवढा सकाळीही कामी येतो. सकाळचा एक अपवाद म्हणजे इंद्रवज्र, जे १८३५ मध्ये हरिश्चंद्रगडावर कर्नल साइक्स यांनी पाहिल्याची नोंद प्रसिद्ध आहे. सूर्य पाठीशी आणि समोरच्या दरीत धुके असले की पाहणाऱ्याच्या सावलीभोवती रंगांचे वर्तुळ उमटते. पण त्याचा व्यास १० अंशांचा धरला तरी ५० मिलिमीटरच्या भिंगात ते ९ मिलिमीटरांहून कमी भरते. तिथे लांब भिंगच हवे.

ऋतूंत सगळ्यात अवघड पावसाळा आणि सगळ्यात फसवा उन्हाळा. जुलैत लावणीच्या दिवसांत ढगाळ उजेडात १०० गतीच्या फिल्मवर एफ २२ ठेवले तर शटरचा पडदा सुमारे सेकंदाच्या आठव्या भागाइतका उघडा ठेवावा लागतो, आणि तेवढ्यात वाऱ्याने भाताची रोपे हलून पुसट होतात. मग वाऱ्याचा विराम धरायचा किंवा छिद्र मोठे करून जवळचा बांध सोडून द्यायचा. विहीगावच्या धबधब्यासारख्या ठिकाणी वेळ सेकंदांत गेली की फिल्मची संवेदनक्षमता घटत जाते: इलफर्डच्या एफपी-४ वर प्रकाशमापकाने १० सेकंद सांगितले तर प्रत्यक्षात १८ द्यावे लागतात. ओला काळा कातळ आणि पांढरे ढग यांच्यातले अंतर रंगीत स्लाइड फिल्मला झेपत नाही, कृष्णधवल निगेटिव्हला झेपते. मार्चपासून शेतकरी राब भाजू लागतात, म्हणजे रोपे टाकायच्या जागेवर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, त्यात वणव्यांचा धूर मिसळतो. हवेतली निळसर धूसरता केशरी किंवा तांबड्या फिल्टरने कमी होते, कारण ती लहान कणांमुळे विखुरलेल्या निळ्या प्रकाशाची असते. धुराचे कण मोठे असल्याने सगळेच रंग सारखे विखुरतात आणि फिल्टर तिथे हात टेकतो. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, हवा धुतलेली आणि खाचरे पिकत आलेली, हा काळ सर्वांत देणारा आहे.

राहता राहिली कोकणच्या दमट हवेची गोष्ट. जुन्या भिंगांच्या आत बुरशीचे बारीक जाळे धरते, ते आधी नजरेत येत नाही, आणि उन्हाच्या दिशेने भिंग रोखले की चित्रावर धुरकट पडदा येतो. विकत घेताना छिद्र पूर्ण उघडून टॉर्चच्या उजेडात भिंगातून आरपार पाहणे यासाठीच गरजेचे. आरबी-६७ किंवा सी-३३० यांच्या घडीच्या कातड्याला कोपऱ्यांत सूक्ष्म भोके पडलेली असतात, पडद्याची मंद गती जुन्या वंगणाने अडखळते, आणि सृष्टिचित्रणाला नेमकी तीच गती लागते. फिल्म धुतानाही हवामान आडवे येते. कृष्णधवल विकासकांचे वेळापत्रक २० अंश सेल्सिअससाठी छापलेले असते, तर एप्रिलमध्ये नळाचे पाणी ३० अंशांच्या आसपास असू शकते. दर अंशामागे वेळ सुमारे दहा टक्के कमी करत २४ अंशांपर्यंत जाता येते. त्यापुढे वेळ इतका आखूड होतो की फिल्मवर पट्टे उमटण्याची भीती असते, म्हणून रसायनाची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून आधी २४ पर्यंत उतरवावी, आणि शेवटचे धुण्याचे पाणीही त्याच तापमानाच्या जवळ ठेवावे.