ब्ल्यूइंगचे पैसे आणि घासण्याचे पैसे

अमेरिकेत आजोबांच्या वेळची शिकारी रायफल घेऊन तीन गनस्मिथांकडे, म्हणजे बंदुकीच्या कारागिरांकडे, जा आणि ब्ल्यूइंगचा भाव विचारा. एक जण दीडशे डॉलर सांगेल, दुसरा चारशे. तिसरा रायफल उजेडात धरून उलटसुलट बघेल आणि हजाराच्या पुढचा आकडा बोलेल. तिघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. पण विचारणाऱ्याच्या डोक्यात एक समज पक्का बसलेला असतो. ब्ल्यूइंग म्हणजे रंगकाम. टाकीत बुडवायचं, बाहेर काढायचं, तेलाने पुसायचं. त्याला एवढे पैसे कशाला? मग तिसरा लुबाडतोय असं वाटणारच.

ब्ल्यूइंग हा मुळात रंगच नाही. त्यात वरून काही चढवत नाहीत. पृष्ठभागावरच्या लोखंडाचंच काळं ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट, तयार होतं. आज बहुतेक दुकानांत चालतं ते गरम ब्ल्यूइंग. कॉस्टिक सोडा आणि सोडियम नायट्रेटचं जहाल द्रावण साधारण 135 ते 150 अंश सेल्सियसपर्यंत तापवतात आणि सुटे केलेले भाग त्यात पंधरा मिनिटं ते अर्धा तास ठेवतात. या कामात जीव सांभाळावा लागतो. उकळत्या टाकीत चुकून पाणी ओतलं तर द्रावण उसळून अंगावर येतं. म्हणून बरेच कारागीर काम साठवून ठेवतात आणि एकाच दिवशी टाकी पेटवून सगळं उरकतात. ‘अर्ध्या तासाचं काम आणि सहा आठवडे थांबायचं?’ या तक्रारीचं निम्मं उत्तर इथे आहे.

उरलेलं निम्मं उत्तर टाकीत उतरण्याआधीच्या कामात आहे, आणि बिलाचा मोठा भागही तिथलाच. ऑक्साइडचा थर जेमतेम मायक्रॉनभर जाडीचा असतो. त्याखाली काहीच लपत नाही. कानशीच्या रेघा, जुना ओरखडा, गंजाचे खड्डे हे सगळं काळं होऊन उलट जास्त उठून दिसतं. गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगमध्ये निदान पुट्टी भरता येते, इथे तीही सोय नाही. खड्डा घालवायचा तर त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत आजूबाजूचं पोलाद उतरवावं लागतं, तेही नळीचा गोलवा आणि सपाट बाजूंची धार न बिघडवता. कारागीर सपाट ठोकळ्यावर पॉलिश पेपर गुंडाळून 220 नंबरच्या जाडसर पेपरपासून सुरुवात करतो, मग 320, 400, कधी 600. प्रत्येक पायरीला आधीच्या रेघा पूर्ण जाईपर्यंत हात थांबत नाही. आरशासारखं निळं-काळं तेज हवं असेल तर याला तासन् तास लागतात. 1955 मध्ये आलेल्या कोल्टच्या पायथन रिव्हॉल्व्हरच्या निळाईचं आजही कौतुक होतं. त्या तेजाचं श्रेय टाकीपेक्षा पॉलिशवाल्यांच्या हाताला जास्त आहे.

स्वस्तातलं काम अनेकदा बफिंगच्या फिरत्या चाकावर उरकलेलं असतं. लांबून ते झकास दिसतं. जवळून बघितलं की धारा गोल झालेल्या, स्क्रूच्या भोकांची तोंडं पसरट झालेली आणि कारखान्याची अक्षरं पुसट झालेली दिसतात. अशा रायफलीला कितीही सुंदर काळा रंग आला तरी जाणकाराला ती घासून खराब केलेलीच वाटते. अनुक्रमांकाचा मामला तर आणखी नाजूक. तो काढून टाकणं किंवा मिटवणं हा अमेरिकेच्या संघीय कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे शहाणा कारागीर त्या जागेवरून फार जपून हात फिरवतो.

आता आकडे बघू. मणी फवारून केलेलं मंद, चमक नसलेलं फिनिश सगळ्यांत स्वस्त. ते दीडशे-दोनशे डॉलरच्या आसपास होतं. बरं पॉलिश आणि गरम ब्ल्यूइंग मिळून साधारण दोनशे ते चारशे. खोल खड्डे, जुन्या अक्षरांची जपणूक, मूळ कारखान्यासारखी झळाळी अशा मागण्या वाढल्या की काम तासांवर जातं आणि हजार ओलांडतं. रायफल पूर्ण सुटी करून परत जोडणं, दुर्बिणीचे माउंट काढणं, तुटलेला स्क्रू बाहेर काढणं, लाकडी दस्त्याचं पॉलिश या गोष्टी पुष्कळदा वेगळ्या लावतात. भाव विचारताना ‘यात काय धरलंय?’ एवढं विचारलं तरी दोन दुकानांमधला निम्मा फरक उलगडतो.

‘सगळ्या बंदुका एकाच टाकीत जातात’ हा समज मात्र खरोखर महागात पडतो. जुन्या दुनळी शॉटगनच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथील-शिशाच्या सोल्डरने जोडलेली असते. गरम कॉस्टिक द्रावण हा जोड खातं, शिवाय नळ्यांच्या मधल्या फटीत क्षार अडकून आतून गंज धरतो. तिला सावकाश गंजवण्याची जुनी रीतच लागते. नळीवर सौम्य आम्लाचं द्रावण लावून मुद्दाम गंज आणायचा, नळी पाण्यात उकळून तांबडा गंज काळा करायचा, बारीक तारेने खरवडायचं, आणि हे चक्र पाच-सात वेळा किंवा जास्तच फिरवायचं. त्यात दिवस जातात. म्हणून दुनळीला पाचशे डॉलर किंवा त्याहून बरेच जास्त सांगितले तर नवल नाही. कोणी दीडशेत गरम टाकीत टाकून देतो म्हणाला, तर बंदूक उचलून घरी आणावी.

धातूचंही तसंच. अॅल्युमिनियम त्या टाकीत विरघळतं, स्टेनलेसवर नेहमीचं द्रावण चालत नाही. विंचेस्टरच्या मॉडेल 94 चा 1964 नंतरचा रिसीव्हर, म्हणजे यंत्रणा बसते तो मधला भाग, पुन्हा ब्ल्यू करताना दगा देतो, हे अमेरिकेतल्या जुन्या कारागिरांना पाठ आहे. ब्राउनिंगची हकीगत वेगळी. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांच्या काही बंदुकांना मिठात सुकवलेल्या अक्रोडाचे दस्ते बसले आणि त्या मिठाने लाकडाखालचं पोलाद खाल्लं. अशी बंदूक आली की नवं ब्ल्यूइंग नुसतं वाया. आधी दस्ता बदलण्याचा खर्च धरावा लागतो.

बाटलीतलं ‘कोल्ड ब्ल्यू’ दहा-पंधरा डॉलरला मिळतं. तेही ब्ल्यूइंगच, असं धरून कोणी अख्खी नळी रंगवायला बसतो. ते सेलेनियमच्या संयुगांवर चालतं, थर कमकुवत असतो आणि हाताळून लवकर उतरतो. घासटलेली कड झाकायला ठीक आहे, त्यापलीकडे नको. गरम ब्ल्यूइंगसुद्धा गंजाला पूर्ण अडवत नाही. तो थर तेल धरून ठेवतो आणि खरा बचाव त्या तेलाचा असतो.

नव्या झळाळीने किंमत वाढते, असंही लोक धरून चालतात. रोजच्या वापराच्या साध्या रायफलीला कदाचित थोडा फायदा होईल. 1964 पूर्वीची विंचेस्टर मॉडेल 70 असेल तर गोष्ट उलटी. संग्राहकाला मूळ फिनिश हवं असतं, विरलेलं का असेना. तिथे चारशे डॉलर मोजून मालक स्वतःच्या मालाची किंमत उतरवतो. असं काम परत पाठवणारा गनस्मिथ मला जास्त भरवशाचा वाटतो.

आपल्याकडे, कोकणच्या पावसात, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आणि जुन्या घरांतल्या बारा बोअरच्या दुनळ्या गंज धरतात. त्यांच्या जोडांनाही वरचाच धोका आहे. आणि गल्लीतल्या पॉलिशवाल्याकडे त्या देता येत नाहीत. 1959 च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम 5 नुसार बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो. तेव्हा काम देताना मालकाने स्वतःचा परवाना बरोबर न्यावा, दुरुस्ती करणाऱ्याचाही बघून घ्यावा, आणि नळ्या गरम टाकीत घालणार की गंजवून काळ्या करणार, हे पावतीवर लिहून घ्यावं.