दारू ‘नकळत’ सुटत नाही

‘पेशंटच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात भिंतीवर किंवा रिक्षामागे आपण सगळ्यांनीच वाचलेली आहे. पुण्याजवळचं सूस हे गाव 2021 साली पुणे महापालिकेत आलं, शेतांच्या जागी टॉवर उभे राहिले. पण या जाहिरातीवर गावठाणातली आई विश्वास ठेवते, तशी बाराव्या मजल्यावरचीही ठेवते. दारू सोडवण्यासाठी डायसल्फिराम नावाचं औषध खरंच आहे. ते पोटात असताना दारू घेतली, तर चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. प्रसंगी जिवावर बेततं. म्हणून ते पेशंटला सांगून, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं. वरणातून गुपचूप कधीच नाही. पुडीतून मिळणाऱ्या पावडरीत तर काय आहे हेही घरच्यांना ठाऊक नसतं.

‘मनावर घेतलं की सुटते’ हा समजही असाच घातक. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम थांबवलं, तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भास होऊ लागतात. माळ घालणाऱ्याचा निश्चय खरा असतो, पण त्या दिवसांत त्याच्या शरीराला डॉक्टर लागतो.

व्यसन हा आजार आहे, हे महाराष्ट्राला पटवून देण्यात एका पत्रकाराचा मोठा वाटा आहे. डॉ. अनिल अवचट एमबीबीएस होऊनही लेखणीकडे वळले. गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यात सापडलेल्या मुलांजवळ ते बसले, ऐकत राहिले, लिहीत राहिले. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी 1 लाख रुपये देऊ केले आणि 29 ऑगस्ट 1986 रोजी येरवड्यात ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते घडवलं मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट यांनी; त्यांचं नाव आपण फार कमी घेतो. तिथं व्यसनी माणसाला ‘रुग्णमित्र’ म्हणतात.

‘उपचार घेऊनही प्यायला, म्हणजे पैसे पाण्यात’ असं नातेवाईक चिडून म्हणतात. मधुमेह्याची साखर पुन्हा वाढली म्हणून आपण दवाखाना बंद करतो का? घसरलेल्याला शक्य तितक्या लवकर फॉलोअपला न्यायचं.

आणि ‘लग्न लावून द्या, सुधारेल’ हे तर कृपा करून कुणालाच सांगू नका. व्यसनी नवऱ्याच्या बायकोलाच आधार लागतो. मुक्तांगणमध्ये त्यासाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. 14446 ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे. व्यसनी माणूस स्वतः तयार नसला, तरी घरच्यांनी फोन करावा.