हाडांतील अदृश्य तडे

मटणाचें जेवण झाल्यावर ताटांत उरलेलें नळीचें हाड आपण टाकून देतों. तें एकदां टोकाशीं करवतीनें उभें कापून, स्वच्छ धुऊन, उजेडांत धरून पाहावें. मधला भाग कडेनें घट्ट व आंतून पोकळ असतो. परंतु सांध्याजवळच्या फुगीर टोकांत बारीक काड्यांचें व पट्ट्यांचें दाट जाळें दिसतें. यासच सच्छिद्र हाड म्हणतात. स्पंजासारखें दिसतें म्हणून कित्येकांस तें मऊ वाटतें. तसें तें मुळींच नाहीं. आपल्या मणक्यांत, टाचेंत आणि मांडीच्या हाडाच्या डोक्यांत हेंच जाळें शरीराचा भार झेलीत असतें, आणि त्यांतील एकेक काडी मिलिमीटरच्या दहाव्या ते पांचव्या हिश्श्याएवढीच जाड असते!

१८६६ सालीं झुरिक येथें हेरमान फॉन मेयर या शरीरशास्त्रज्ञानें दाखविलेले मांडीच्या हाडाचे छेद कार्ल कुलमान या स्थापत्यशास्त्राच्या प्राध्यापकाच्या पाहण्यांत आले. भार उचलणाऱ्या यारीच्या आराखड्यांत जोराच्या दिशा दाखविण्यास आपण ज्या रेघा काढतों, तशाच या काड्या वळल्या आहेत, असें त्यास दिसून आलें. हें साम्य त्यास वाटलें तितकें तंतोतंत नव्हे, हें मागाहून कळलें. तरी येणाऱ्या भारास अनुसरून हाड आपली रचना बदलतें, हा मुख्य विचार टिकला. १८९२ सालीं जुलियस वोल्फ यानें त्यावर ग्रंथच लिहिला.

आतां भार पडल्यावर या जाळ्यांत काय घडतें तें पाहूं. भार सर्व काड्यांस सारखा वाटला जात नाहीं. कांहीं सरळ दाबल्या जातात, कांहीं वांकतात. आणि वांकलेल्या काडीची एक बाजू दाबली जाते, तर दुसरी ताणली जाते. दाबल्या जाणाऱ्या बाजूस बहुधा सरळ व ठळक तडे पडतात. ताणल्या जाणाऱ्या बाजूस त्याहूनही सूक्ष्म अशा तड्यांचा पुंजका उठतो. हाड हें चुन्याचे क्षार आणि चिवट तंतु यांचें बनलेलें असल्यामुळें तडा एकदम आरपार जात नाहीं. तंतु त्याचे दोन्ही कांठ धरून ठेवितात. परंतु तार पुनःपुनः वांकविली म्हणजे जशी अखेर तुटते, तसा लहान लहान भारही हजारों वेळां पडला म्हणजे तडा वाढत जातो. येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत धरण्यासारखी आहे. सच्छिद्र हाडाचा ठोकळा यंत्रांत मर्यादेपलीकडे दाबून सोडला, तर त्याची उंची बहुतेक परत येते, पण ताठपणा परत येत नाहीं. बाहेरून साजरें दिसणारें हाड आंतून दुबळें झालेलें असतें.

कोणी विचारील, हे तडे हाड कापतांना करवतीनेंच पडले नसतील कशावरून? शंका रास्त आहे. हॅरोल्ड फ्रॉस्ट या अमेरिकन वैद्यानें १९६० सालीं तिचें निरसन केलें. त्यानें हाड पातळ कापण्यापूर्वींच रंगांत भिजविलें. जे तडे आधींचे होते त्यांत रंग शिरला. मागाहून पडलेले कोरे राहिले.

जिवंत हाड हे तडे स्वतःच बुजवितें. हाडाच्या आंत सूक्ष्म पेशी कोंडून बसलेल्या असतात व बारीक नळ्यांतून एकमेकींशीं जोडलेल्या असतात. तडा पडला कीं हे दुवे तुटतात, जवळच्या पेशी मरतात, आणि शेजारच्या पेशींकडून इशारा जातो. मग हाड खाणाऱ्या पेशी बिघडलेला भाग पोखरून काढितात, व हाड बांधणाऱ्या पेशी तेथें नवें हाड घालितात. पोखरण्यास कांहीं आठवडे पुरतात. भरण्यास कांहीं महिने लागतात. मधल्या काळांत ती जागा पूर्वींहून अशक्तच असते, आणि सर्व घोटाळा येथेंच होतो. १८५५ सालीं ब्राइटहाउप्ट या प्रशियन लष्करी वैद्यानें कूच करणाऱ्या शिपायांचे पाय सुजून दुखतात असें नमूद केलें. तीं हाडें तडकलेलीं असतात, हें १८९७ सालीं क्ष-किरणांमुळें दिसलें. नव्या रंगरुटांच्या टाचेच्या सच्छिद्र हाडाचेंही असेंच होतें. पहिले दोन-तीन आठवडे क्ष-किरणांच्या चित्रांत कित्येकदां कांहींच उमटत नाहीं. मुलांची टाच दुखण्यास इतरही कारणें आहेत. तरी चित्र निर्दोष निघालें एवढ्यावरून कवाईत चुकविण्याचें ढोंग आहे असें पालकांनीं ठरवूं नये.

वृद्धपणीं प्रकार उलटा होतो. भार वाढत नाहीं, काड्याच कमी होतात. विशेषतः उभ्या काड्यांस बांधणाऱ्या आडव्या काड्या नाहींशा होतात. आधाराविना उंची दुप्पट झालेला बारीक खांब चौथ्या हिश्श्याच्या भारानेंच लवतो, हा गणिताचा नियम येथें लागू पडतो. म्हणून न पडतां, न धडपडतां, नुसती पाण्याची बादली उचलतांनाही आजीचा मणका खचतो; पाठीस बांक येतो, आणि घरांत त्यास वय म्हणतात. हाड खाणाऱ्या पेशींस आवर घालणारीं औषधें आतां आहेत, व त्यांनीं अशीं खचणीं टळतात. मात्र पोखरणें थांबलें कीं जुने तडे काढणेंही मंदावतें; म्हणून हीं औषधें कांहीं वर्षें दिल्यावर तीं थोडा काळ थांबवावीं कीं चालूं ठेवावीं, हें वैद्यास प्रत्येक रोग्यापुरतें ठरवावें लागतें.