रिपोर्ट निगेटिव्ह आला, पण शुगरचं काय? गंभीर आजारानंतरचं एक वर्ष

ज्यांना पूर्ण भाग ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोलताना जसं बोललो तसंच बरंचसं ठेवलंय. विषय आहे डायबेटिस असलेला माणूस कोरोनासारख्या गंभीर व्हायरल आजारातून उठतो, त्यानंतरच्या महिन्यांचा. तुम्ही ऐकणारे बहुतेक विशी-पंचविशीतले. शुगर तुम्हाला नसेल, पण घरात आई, बाबा, काका, आजी यांपैकी कुणाला तरी असणारच. आणि दवाखान्याची फाईल सांभाळायचं काम शेवटी तुमच्याकडेच येतं.

आपल्या हिंगोलीपासूनच सुरू करू. २०२० च्या एप्रिल-मेमध्ये मालेगाव आणि मुंबईचा बंदोबस्त करून परतलेले एसआरपीएफचे जवान पॉझिटिव्ह आले, तेव्हा आपला छोटासा जिल्हा राज्यभर बातम्यांत आला. मग २०२१ ची दुसरी लाट. कळमनुरीचे राजीव सातव, हिंगोलीचे माजी लोकसभा खासदार आणि तेव्हाचे राज्यसभा खासदार, यांना एप्रिलमध्ये कोरोना झाला. पुण्यात उपचार सुरू होते, तब्येत सुधारत होती. तेवढ्यात सायटोमेगॅलो नावाच्या दुसऱ्याच व्हायरसचा संसर्ग आढळला आणि १६ मे २०२१ ला ते गेले. वय अवघं ४६. हे उदाहरण मी डायबेटिसचं म्हणून देत नाहीये, ते लक्षात घ्या. एवढंच सांगायचंय की कोरोनातून बाहेर पडताना शरीर दमलेलं असतं आणि अंगात गप्प बसलेली दुखणी तेव्हाच डोकं वर काढतात.

डिस्चार्जनंतरचे आकडे

आयसीएमआरने देशातल्या ३१ हॉस्पिटलांमधून कोरोनाचे उपचार घेऊन घरी गेलेल्या १४,४१९ लोकांचा पाठपुरावा केला. हा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. घरी गेल्यावर वर्षभरात त्यातले ६.५ टक्के लोक दगावले. म्हणजे शंभरातले सहा-सात, आणि तेही बरे होऊन घरी पोचलेले. वय जास्त असणारे आणि आधीपासून एखादा जुना आजार असणारे यांना धोका जास्त होता. आजाराआधी लसीचा निदान एक डोस घेतलेल्यांमध्ये हा धोका सुमारे ६० टक्क्यांनी कमी दिसला.

आता जुना आजार म्हटलं की आपल्याकडे पहिलं नाव शुगरचं. आयसीएमआरच्याच पाहणीनुसार देशात १० कोटींपेक्षा जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि १३ कोटींपेक्षा जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

शुगर का भडकते?

तीन कारणं आहेत, साध्या भाषेत सांगतो.

पहिलं, आजाराचा ताण. शरीर लढत असतं तेव्हा जी हार्मोन्स सुटतात, ती लिव्हरला साखर रक्तात सोडायला लावतात. इन्शुलिनचं काम अडतं.

दुसरं, स्टेरॉइड. हे औषध वाईट नाही, बरं का. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत २०२० मध्येच दिसलं की ऑक्सिजन लागणाऱ्या पेशंटांचे जीव डेक्सामेथासोनने वाचतात. डोस होता रोज ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. अडचण आली ती गरज नसताना, जास्त डोसमध्ये किंवा आठवडेच्या आठवडे घेतल्याने.

तिसरं, हालचाल बंद. महिनाभर खाटेवर पडलं की स्नायू झडतात. जेवणातली साखर वापरणारा सगळ्यात मोठा अवयव म्हणजे स्नायू. तोच रोडावला तर साखर रक्तातच राहणार.

आता एक गोष्ट नीट ऐका. सकाळी घेतलेल्या प्रेडनिसोलोनसारख्या स्टेरॉइडच्या गोळीने शुगर वाढते ती दुपारी आणि संध्याकाळी. पहाटेपर्यंत ती बरीच उतरते. आपण काय करतो? सकाळी उपाशीपोटी रक्त देतो, रिपोर्ट चांगला येतो, घरचे निर्धास्त! दुपारच्या जेवणानंतर २ तासांनी तपासलं असतं तर आकडा भलताच दिसला असता. म्हणून स्टेरॉइड चालू असताना जेवणानंतरची शुगर तपासायलाच हवी.

काळी बुरशी आठवते ना?

म्युकरमायकोसिस. २०२१ च्या मे महिन्यात केंद्र सरकारने राज्यांना या आजाराची नोंद सक्तीची करायला सांगितलं. अँफोटेरिसिन इंजेक्शनसाठी लोक जिल्हे पालथे घालत होते. ही बुरशी मातीत, कुजलेल्या पाल्यात कायम असते. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. पण शुगर खूप वाढलेली, वरून स्टेरॉइड, त्यामुळे पांढऱ्या पेशी सुस्त. मग तिला रान मोकळं. कित्येकांचा वरचा जबडा गेला, डोळा गेला.

लक्षणं पाठ करून ठेवा. चेहऱ्याची एकच बाजू दुखणं किंवा सुजणं, नाकातून काळपट स्राव, वरचे दात हलणं, डोळा सुजणं, एकाचे दोन दिसणं. शुगरवाल्या माणसात यातलं काहीही दिसलं की त्याच दिवशी डॉक्टर. उद्यावर ढकलायचं नाही.

‘मला आधी शुगर नव्हती’

हे वाक्य तुम्ही पण ऐकलं असेल. समजा, सेनगावकडचे एक काका. अ‍ॅडमिट असताना शुगर ३०० निघाली. याचे तीन अर्थ होऊ शकतात. शुगर आधीपासूनच होती, कधी तपासलीच नव्हती. किंवा स्टेरॉइडने तात्पुरती वाढली. किंवा खरोखर नव्याने सुरू झाली. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नोंदींवरचा एक मोठा अभ्यास २०२२ मध्ये आला. त्यात कोरोनानंतरच्या वर्षभरात नवा डायबेटिस होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी जास्त दिसलं, म्हणजे दर हजार माणसांमागे साधारण १३ जण जास्त. ते लोक बहुतेक वयस्कर पुरुष होते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा आपल्याला लावू नका, पण दिशा कळते.

काकांचं नेमकं काय, ते एचबीए१सी या तपासणीतून बरंचसं उलगडतं. ती मागच्या २-३ महिन्यांची सरासरी दाखवते. अ‍ॅडमिट झाल्या झाल्याच ती ६.५ च्या वर असेल, तर शुगर बहुधा जुनीच. तेव्हा नॉर्मल असेल, तर ३ महिन्यांनी पुन्हा करायची. एक काळजी मात्र घ्या. रक्त चढवलं असेल किंवा हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो. ते डॉक्टरांना आधी सांगा.

थकवा, मुंग्या, खोकला

‘कोरोनापासून अंगात जीवच नाही’ असं कुणी म्हणालं तर लगेच सगळं कोरोनावर ढकलू नका. वाढलेल्या शुगरनेही थकवा येतो. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांचं बी-१२ कमी होतं, त्यानेही थकवा येतो, पायाला मुंग्या येतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन तपासून घ्या. यातल्या बऱ्याच गोष्टींवर साधा उपचार आहे.

खोकला २ आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर टीबीची तपासणी. डायबेटिसमध्ये टीबीचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. छातीत दुखणं, चार पायऱ्या चढून धाप लागणं, पाय सुजणं यात वाट बघू नका. हृदय आणि किडनी दोन्ही तपासायला हव्यात.

आणि काढा! वसमतची हळद आपला अभिमान आहे, भाजीत हवीच. पण हळदीचं दूध म्हणजे शुगरची गोळी नव्हे. काढ्यात गुळाचा खडा टाकला तर ती साखरच झाली.

मग करायचं काय?

माझं म्हणणं इतकंच आहे की डिस्चार्ज मिळाला तरी पुढचं वर्षभर हिशेब ठेवायचा. तो ठेवायला मोबाईल पुरतो.

• डिस्चार्ज कार्डचा फोटो काढा. स्टेरॉइड कोणतं, किती, किती दिवस, ते लिहून ठेवा.
• काही आठवडे चाललेलं स्टेरॉइड मनाने एकदम बंद करायचं नाही. डॉक्टर हळूहळू कमी करतात.
• तब्येत सुधारली की इन्शुलिनची गरज कमी होऊ शकते. घाम, थरथर, चक्कर आली तर आधी शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर लगेच ३-४ चमचे साखर पाण्यात द्या, १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.
• ३ महिन्यांनी एचबीए१सी. वर्षातून एकदा लघवीतलं प्रोटीन, क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा आणि पायांची तपासणी.
• रोज चालणं, थोडं थोडं वाढवत. दम लागला की थांबायचं.
• लस कोणती, कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

पैशाचं म्हणाल, तर तिशीपुढच्या माणसांची शुगर-बीपी तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या सरकारी मेडिकल कॉलेजचं उद्घाटन झालं. आजवर गंभीर पेशंट म्हटलं की नांदेडची वाट धरायची सवय होती, ती हळूहळू बदलेल अशी आशा करू. पण शुगर तपासायला मेडिकल कॉलेज लागत नाही, घरातल्या कुणीतरी ‘चला, तपासून येऊ’ म्हणावं लागतं. ते तुम्ही म्हणा.

हा भाग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, आणि गोळ्यांत बदल मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!